सत्काराला उत्तर

मला शाल नको आहे, हे मी मंडळाच्या चिटणिसांना लेखी कळवले होते आणि त्या पत्राची पोचही घेतली होती. तरीही त्या मंगळवारी माझ्या खांद्यांवर शाल पडली. ती मी का पडू दिली, आणि त्यानंतर मी जे केले त्याला मंडळातील काही सभासद अजूनही दगाबाजी का म्हणतात, हे एकदा क्रमाने सांगितले पाहिजे. त्यांच्या मते मी कार्यक्रम उधळला. माझ्या मते त्या संध्याकाळी, कित्येक महिन्यांनंतर, आमच्या मंडळात कोणीतरी बोलले.

मंडळ वक्तृत्वाचे. लोणावळ्यात एका वाचनालयाच्या माडीवर दर मंगळवारी संध्याकाळी भरते. मंगळवार अशासाठी, की शनिवार-रविवारी या गावात मोकळा माणूस मिळत नाही. चिक्कीवाला गिऱ्हाइकांत, हॉटेलवाला खोल्यांच्या चाव्यांत, आणि उरलेले सगळे भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत अडकलेले. मंडळाची घटना मी लिहिली. तालुक्याच्या न्यायालयात कारकुनीत माझी हयात गेली; नियम लिहिताना कोणती पळवाट बुजवायची, एवढे मला त्या खुर्चीने शिकवले.

घटनेत दोन कलमे मी हट्टाने घातली. पहिले असे, की वक्त्याने उपस्थित मान्यवरांची नावे घ्यायची नाहीत. घेतल्यास घंटा वाजेल, तशीच ती सात मिनिटे उलटल्यावरही वाजेल. परक्याला हे विचित्र वाटेल. पण आमच्या मावळात भाषण म्हणजे नावांची यादी असते. क्रिकेटच्या सामन्यांचे बक्षीस वितरण असो, पतसंस्थेची सभा असो किंवा कोणाच्या मुलीचा साखरपुडा, माइक हातात आलेला मनुष्य आधी व्यासपीठावरच्या, मग पहिल्या रांगेतल्या, मग उशिरा येऊन दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकाचे नाव पदासह घेतो. एखादे राहिले तर रुसवा होतो, आणि तो रुसवा निवडणुकीपर्यंत पुरतो. इंद्रायणीच्या घाटावर दहाव्याला श्रद्धांजली वाहायला उभा राहिलेला मनुष्यसुद्धा आधी हयात असलेल्यांची नावे उरकतो आणि मग मृताकडे वळतो. तोवर कावळा शिवून गेलेला असतो.

दुसरे कलम असे, की प्रत्येक भाषणाला विरोध झालाच पाहिजे. एका सभासदाने मत मांडायचे आणि दुसऱ्याने, ते मत त्याला स्वतःला पटत असले तरी, उभे राहून ते खोडून काढायचे. विरोधकाशिवाय झालेले भाषण मी भाषण मानत नाही. ती घोषणा असते, किंवा मग जाहिरात.

पहिली दोन वर्षे बरी गेली. मग माणसे गळू लागली. एकाने नेत्याचे नाव घेतले, घंटा वाजली, आणि तो जिना उतरून गेला तो पुन्हा चढला नाही. एकीला विरोधक बोचरा वाटला. काहींनी कारणच दिले नाही, म्हणून मी गैरहजर सभासदांना खुलासा मागणारी पत्रे पाठवली. त्या पत्रांमुळे उरलेलेही तुटले असे चिटणिसांचे म्हणणे आहे. तुटले असतील. पण आपण का आलो नाही हे ज्याला चार ओळींत सांगता येत नाही, तो सात मिनिटे काय बोलणार होता?

चिटणीस तरुण आहेत, चाळिशीच्या अलीकडचे. आंबीकडच्या एका कारखान्यात कामगार टिकवून ठेवण्याचे खाते सांभाळतात. सज्जन मनुष्य, राग माझा त्यांच्या सज्जनपणावरच आहे. एका मंगळवारी खुर्च्या जास्त आणि माणसे कमी अशी अवस्था पाहून ते मला म्हणाले, "काका, लोकांना इथे आल्यावर छान वाटलं पाहिजे."

"छान वाटायला ते गवती चहा घेतात. इथे बोलायला यावं."

"बोलतील हो. पण आधी टिकले तर पाहिजेत ना? आमच्या प्लांटमध्ये आम्ही दर महिन्याला एकाचा सत्कार करतो. माणूस सुट्टी टाकत नाही मग."

"तुमच्या प्लांटमध्ये यंत्र बोलतं. माणूस गप्प असला तरी चालतं."

ते हसले. हसून विषय संपवण्याची हातोटी त्या पिढीकडे आहे. पुढच्या मंगळवारी त्यांनी ठराव आणला, की प्रत्येक बैठकीत एका सभासदाला 'आजचे मान्यवर' म्हणून व्यासपीठावर बसवायचे, शाल आणि नारळ द्यायचा, त्याच्याविषयी चार सभासदांनी चार शब्द बोलायचे, आणि त्याने सत्काराला उत्तर द्यायचे. सत्कारमूर्तीला घंटा नाही. मी विरोधात एकटा मत दिले आणि माझा विरोध नोंदवून घेतला.

ठराव यशस्वी झाला, हे मला कबूल करावे लागेल. माडी भरू लागली. सत्कारमूर्तीबरोबर त्याची पत्नी, मेहुणे, शेजारी आणि फोटो काढणारा भाचा येऊ लागला. गळालेले सभासद परत आले, आपली पाळी कधी हे विचारायला. घंटा कपाटात गेली. व्यासपीठावर पुन्हा नावे वाजू लागली, आणि त्या नावांत आता आमचीही होती. भाषणांसाठी राखलेला वेळ चार शब्दांत जाई. ते चार शब्द कधीच चार नसत. विरोधकाचे नाव फळ्यावर लिहिण्याची प्रथाही बंद पडली. सत्काराला विरोध कोण करणार?

याच दिवसांत ती बाई आली.

डोंगरावरच्या एका वाडीतली, चाळिशीची, कुसगावच्या एका हॉटेलात भांडी घासणारी आणि वाडीतल्या बचत गटाची अध्यक्ष. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चप्पल काढून ती आत आली आणि सरळ माझ्यापाशी येऊन उभी राहिली. घंटा कोणाच्या ताब्यात असते हे तिने बाहेर विचारले असावे.

"आबा, हितं नावं घ्यायची न्हाईत म्हनं. खरं का?"

"घटनेत तसं लिहिलं आहे."

"मग मला हितंच शिकायचंय."

तिची हकिगत अशी. वाडीवरून खाली डांबरी रस्त्याला येणारी एक पायवाट होती. शाळेची मुले त्याच वाटेने उतरत. आजारी माणसाला झोळीतून त्याच वाटेने आणीत. खालच्या गावातली जमीन विकली गेली, तिथे बंगले उभे राहिले, आणि वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक आणि एक रखवालदार आला. आता ओढ्याच्या कडेने लांबचा वळसा घ्यावा लागतो, आणि ओढ्याला पूर आला की तोही बंद. हे सांगायला ती मागच्या ग्रामसभेत उभी राहिली होती. कोणीतरी म्हणाले, आधी मान्यवरांची नावे घ्या. तिने आठवतील तेवढी घेतली. एक राहिले. ज्यांचे राहिले त्यांच्या माणसांनी गलका केला, आणि तो शमेपर्यंत पुढचा विषय पुकारला गेला होता. पुढची ग्रामसभा प्रजासत्ताक दिनाची होती. अडवलेली वाट मोकळी करून मागायची तर मामलतदार कोर्ट कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि त्या मुदतीतले बरेच दिवस गेले होते. अर्ज मी लिहून देणार होतो. पण गावाचा ठराव सोबत असला तर अर्जाला बळ येते, आणि ठराव मागायला तिथे तिलाच उभे राहायला हवे होते. मी त्या गावचा मतदार नाही.

सबब, तिला एक भाषण आणि एक विरोधक हवा होता. एवढेच. वक्तृत्व मंडळाकडे याहून रास्त मागणी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

पहिल्या मंगळवारी एका हॉटेलमालकांचा सत्कार लांबला. दुसऱ्या मंगळवारी सत्कारमूर्तींच्या सुनेने ओव्या म्हटल्या. तिसऱ्या मंगळवारी चिटणीस तिला म्हणाले, "मावशी, पुढच्या वेळी नक्की हं. तोपर्यंत तुम्ही दोन शब्द सत्कारावर बोलता का? प्रॅक्टिस होईल." ती म्हणाली, "मी त्यांना वळखत न्हाई." ते म्हणाले, "तसं चालतं." या दोन शब्दांनी माझे डोके फिरले, आणि ते अजून जाग्यावर आलेले नाही. तसे चालते! अनोळखी मनुष्याविषयी गोड बोलायला शिकवणे हे जर वक्तृत्व असेल, तर त्यासाठी मंडळाची गरज नाही. या रस्त्यावरचे प्रत्येक हॉटेल ते आपल्या पोऱ्यांना शिकवतेच.

मी त्याच आठवड्यात मंडळाला तीन पत्रे लिहिली. उत्तर म्हणून चिटणिसांनी जाहीर केले, की पुढचा सत्कार माझा. मंडळाचे संस्थापक, मंडळाचा आधारवड वगैरे. बंडखोराला शाल घालून गप्प बसवण्याची रीत त्यांनी शोधलेली नाही, ती जुनी आहे. मी नकाराचे पत्र दिले, पोच घेतली, घरी आलो आणि रात्री जेवताना पत्नीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "नाही कसलं म्हणताय? घ्या की. त्या घंटेशिवाय बोलायला मिळणार आहे तुम्हाला. जन्मात कधी मिळालंय का?"

माझा घास हातातच राहिला. सत्कारमूर्तीला घंटा नाही. ठरावात तसे शब्द होते आणि ते शब्द माझ्या विरोधाच्या नोंदीसह मंजूर झाले होते.

त्या मंगळवारी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. माडी गच्च भरली होती. चौघांनी माझ्याविषयी चार शब्द बोलून मला जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली. शाल पडली, नारळ हातात आला. चिटणिसांनी माझ्यासमोर माइक धरला.

मी विचारले, "सत्काराला उत्तर देण्याचा अधिकार माझा आहे, हे सभेला मान्य आहे?"

"अहो काका, म्हणजे काय!"

"त्या उत्तराला घंटा नाही, हेही मान्य?"

"नाहीच. तुम्ही निवांत बोला."

"मग सभेने ऐकावं. न्यायालयात पक्षकार स्वतः बोलतो, किंवा आपल्या वतीने बोलणारा नेमतो. माझं उत्तर माझ्या वतीने या बाई देतील. त्यांचं बोलणं ते माझं बोलणं. त्यांना अडवणं ते मला अडवणं."

कपाट उघडून मी घंटा टेबलावर ठेवली, म्हणजे ती कोणी लपवली अशी तक्रार नको, आणि खांद्यावरची शाल काढून त्या घंटेवर टाकली. मग मागच्या रांगेतून त्या बाईला पुढे पाठवून तिच्या खुर्चीवर बसलो. ती माझ्याकडे बघत होती. आदल्या दिवशी मी तिला इतकेच सांगितले होते, की तयारीने या.

तिने माइक धरला नाही. माइकपासून हातभर लांब उभी राहून, डोंगरात एका उतारावरून दुसऱ्यावर हाक मारावी तशी ती बोलली. वाट कुठून निघते, कोणत्या आंब्यापाशी वळते, फाटक कुठे आहे. यंदाच्या श्रावणात सर्पदंश झालेल्या पोरीला ओढ्याच्या बाजूने नेताना किती उशीर झाला. पोरगी वाचली, हे तिने सांगितले. उशीर झाला हे आधी सांगितले. "त्यो रखवालदार वाईट न्हाई," ती म्हणाली, "त्यो म्हनतो, मावशी, मला पगार फाटक लावायचा हाय. मग उघडायचा पगार कुनाकडं मागायचा, ते तुमी सांगा."

आणि मग, ज्याची मी सहा महिने वाट पाहिली होती, तो आवाज आला. खुर्ची मागे सरकल्याचा.

ते भाऊ होते. तिच्याच गावातले, खालच्या आळीचे मोठे शेतकरी. बंगल्यांसाठी विकलेली जमीन त्यांच्या भावकीची. मंडळात ते आले होते ते सत्कार घ्यायला, आणि तो त्यांनी घेतलाही होता.

"ह्ये काय चाललंय?" भाऊ म्हणाले. "सत्कार आबांचा आन् गाऱ्हाणं आमच्या भावकीचं? रस्ता म्हनं! सातबाऱ्यावर कुटं हाय रस्ता? दाखवा मला."

"सातबाऱ्यावर माजा नवरा बी न्हाई, भाऊ. म्हून काय त्यो न्हाईच का?"

माडी अशी हसली की खालच्या वाचनालयातून कोणीतरी वर पाहायला आले. भाऊ लाल झाले. पण बसले नाहीत, हे महत्त्वाचे. "हसू नका," ते म्हणाले. "आमच्या रानातनं मानूस जाऊ दिला मायेनं, म्हून वाट पडली. मायेनं सोडलेली वाट हक्काची व्हती का?"

हा मुद्दा होता. खरा, कायद्यातला, वजनाचा मुद्दा. मागच्या रांगेत माझे हात शिवशिवले, पण माझे बोलणे मी दुसऱ्याच्या हाती दिले होते.

चिटणीस पुढे आले. "भाऊ, मावशी, प्लीज. फेलिसिटेशन आहे आज…"

"बोलू द्या!" कोणीतरी ओरडले. ओरडणारे आमचे एक चिक्कीवाले सभासद होते, जे एरवी नारळ दिला जायच्या आधी निघून जात.

ती भाऊंकडे वळली. मग म्हणाली, "मायेनं सोडली, खरं हाय भाऊ. तुमच्या आज्यानं सोडली. माज्या सासऱ्यानं त्याच्या खळ्यावर राबून तिचं मोल दिलं. पन तुमचा आजा मोल मागत नव्हता आन् माजा सासरा सांगत नव्हता. आता दोगं बी न्हाईत, म्हून तुमी आन् मी बोलतोय."

भाऊंनी उत्तर दिले. तिने पुन्हा दिले. मग इतरांनी प्रश्न विचारले. जिना उतरतानाही माणसे वाद घालत होती. शाल त्या रात्री घंटेवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी चिटणिसांचा फोन आला. "काका, तुम्ही नियमाचा गैरवापर केलात."

"वापर केला. तुम्ही तो केलाच नव्हता, म्हणून तुम्हाला वेगळा वाटला."

पुढच्या बैठकीत माझ्या निषेधाचा ठराव आला. अनुमोदन द्यायला कोणी उठेना, तेव्हा मीच दिले, कारण अनुमोदनाशिवाय चर्चा होत नाही आणि मला चर्चा हवी होती. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. तो मंडळाच्या इतिवृत्तात आहे आणि त्याची प्रत मी मागून घेतली आहे. मी एक अक्षरही मागे घेतलेले नाही आणि घेणार नाही. शालीसाठी येणारे बरेच जण त्यानंतर आले नाहीत. त्यांना मी खुलासा मागितला नाही. त्यांचा खुलासा मला ठाऊक होता. पण त्या निषेधाच्या बैठकीला सर्वांत आधी जिना चढून आले ते भाऊ, काखेत सातबाऱ्याचे उतारे आणि गाव नकाशाची घडी घेऊन. "बाई कुटंय?" त्यांनी दारातच विचारले. "तिला म्हनावं, माज्याकडं उत्तर हाय, आयकून जा."

प्रजासत्ताक दिनापर्यंत प्रत्येक मंगळवारी ते दोघे भांडले. फळ्यावर विरोधकाचे नाव पुन्हा लिहिले जाऊ लागले.

ग्रामसभेला मी गेलो, मांडवाच्या कडेला उभा राहिलो; मतदार नव्हतो, तोंड उघडण्याचा मला अधिकार नव्हता. झेंडावंदनाचा शिरा वाटून झाला होता. ती उठली, आणि मला भीती होती तेच झाले. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "बाई, आधी मान्यवरांची नावं घ्या. रीत हाय ती."

"मान्यवर समदी हितंच बसल्यात," ती म्हणाली. "त्यांची नावं त्यांना ठावं हायती. मी वाटंचं बोलते."

गलका झाला. गेल्या वेळचाच, त्याच तोंडांतून. "खाली बसवा!", "शिष्टाचार हाय का न्हाई?" ती उभीच होती, पण आवाज बुडत होता. कायद्याने मला तिथे मुका केले होते, आणि कायदा मी आयुष्यभर पाळत आलो आहे.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून भाऊ उठले. गाव गप्प झाले. सगळ्यांना वाटले, आता हे तिला बसवणार.

"बोलू द्या तिला," भाऊ म्हणाले. "पुरतं बोलू द्या. मला तिला उत्तर द्यायचंय, आन् अर्ध्या बोलण्याला मी उत्तर देत नसतो."

ती बोलली. भाऊ बोलले, आणि चांगले बोलले. मायेच्या वाटेचा मुद्दा त्यांनी आमच्या माडीवर मांडला होता त्याहून नेटका मांडला. मग हात वर झाले. वाट मोकळी करावी असा ठराव मंजूर झाला. त्यावरून कोणी ढोल वाजवू नये. फाटक हे लिहीत असताना जागेवर आहे, अर्ज मुदतीत दाखल झालेला आहे, स्थळपाहणीची तारीख पडायची आहे; ती पडली नाही तर काय लिहायचे हे मला माहीत आहे.

मांडवातून बाहेर पडताना भाऊंनी मला गाठले. हरलेल्या माणसाचे तोंड होते, पण नजर चुकवीत नव्हते.

"आबा, माजं कुटं चुकलं?"

"रस्त्यात नाही सांगणार. मंगळवारी सांगेन. लेखी देईन."

"लेखी द्या," भाऊ म्हणाले. "पन सगळ्यांसमोर वाचायचं, आन् मला उत्तर द्यायला येळ ठेवायचा. घंटा लावून."